महिन्याचा अर्धा तास

एकदा डिग्री हातात पडली आणि दवाखान्यावर पाटी लागली, की डॉक्टरांचा अभ्यास संपला, असं आपण धरूनच चालतो. वह्या-पुस्तकं ती आपल्या पोरांची! पण मैत्रिणींनो, तसं नसतं. महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी वैद्यक परिषदेकडे आपल्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं आणि या पाच वर्षांत आपण नवीन काय शिकलो याचा हिशोब द्यावा लागतो. हा हिशोब मार्कांत नसतो, तासांत असतो. त्याला म्हणतात क्रेडिट. सिस्टरनाही, म्हणजे परिचारिकांनाही, त्यांच्या परिषदेकडे असंच नूतनीकरण करावं लागतं.

मी बी.ए. झालेली, घर सांभाळून आरोग्य शिबिरं, बचत गट, शाळेतल्या मुलींच्या तपासण्या अशी कामं करणारी बाई. या क्रेडिटशी माझा तसा काय संबंध? पण शिबिरांच्या निमित्तानं दोन-चार डॉक्टर मॅडम आणि सिस्टर ओळखीच्या झाल्या. त्यांच्या घरची धावपळ जवळून पाहिली. आणि मग लक्षात आलं, की हा प्रश्न डॉक्टरांपुरता नाही. आपल्या घरातल्या शिकलेल्या सुनेच्या, मुलीच्या वेळेचा प्रश्न त्यात आहे. आणि आपण आजारी पडलो तर आपल्याला कालचं उत्तर मिळणार की आजचं, हाही प्रश्न आहे.

हॉल, हजेरी आणि रविवार

आधी नियम काय आहे ते बघू. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे जे नियम २००२ साली आले, त्यांत असं म्हटलंय, की डॉक्टरनं दर पाच वर्षांत निदान ३० तास व्यावसायिक सभांमध्ये भाग घ्यावा, आणि या सभा नावाजलेल्या किंवा मान्यताप्राप्त संस्थांनी भरवलेल्या असाव्यात. पुढं २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. म्हणजे आजही पाया २००२ च्याच नियमांचा.

आता हा हिशोब आपल्या किराणाच्या वहीसारखा मांडून बघा. पाच वर्षं म्हणजे साठ महिने. तीस तास भागिले साठ महिने. उत्तर येतं, महिन्याला अर्धा तास! एवढंच? हो, एवढंच. आपल्या एका मालिकेच्या भागाइतका वेळ. ऐकायला किती सोपं वाटतं!

पण हा अर्धा तास महिन्याच्या महिन्याला सुटा मिळत नाही. तो मिळतो गठ्ठ्यानं, आणि बहुतेकदा रविवारी. शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये व्याख्यानं असतात. नाव नोंदवायचं, सही करायची, ऐकायचं, मग प्रमाणपत्र. हजेरी खरी आहे ना, हे बघायला परिषदेचा निरीक्षकही येतो. जे डॉक्टर अंधेरी-दादरकडे राहतात, ज्यांच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणी करतं, त्यांना यात फारसं काही वाटत नाही.

आमच्या मढचं तसं नाही. नकाशात मढ मुंबईतच आहे, पण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मालाड स्टेशन गाठायचं तर बसनं अक्सा, मार्वे, मालवणी करत जायचं. वर्सोवा समोर दिसतं, पण तिथं जायला जेट्टीवरून बोट. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्या बोटीचाही भरवसा नाही. इथून रविवारी सकाळी नऊच्या व्याख्यानाला परळला पोचायचं, तर घरातून निघायचं कधी आणि डबे करायचे कधी? आणि रविवारीच तर घरात पाहुणे, मुलांचा अभ्यास, आठवड्याचे कपडे!

माझ्या ओळखीच्या एक सिस्टर आहेत. त्यांचं नूतनीकरणाचं वर्ष आलं आणि तास कमी भरत होते. लागोपाठ दोन रविवार कार्यक्रम होते, दोन्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या रविवारी धाकट्याला ताप. दुसऱ्या रविवारी घरात श्राद्ध. नवरा म्हणाला, "जा तू, मी बघतो." पण सासूबाईंनी एकच वाक्य टाकलं, "नोकरी करतेस ती पुरे नाही का, आता रविवारची शाळा पण?" सिस्टर गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ताई, मला अभ्यासाचा कंटाळा नाही हो. मी बसमध्ये रोज वाचते. पण ते वाचलेलं कुठं मोजतात?"

त्यांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. खरंच, का नाही मोजत?

वाचन मोजण्याची युक्ती

शोध घेतला तेव्हा कळलं, की जगात काही ठिकाणी ते मोजतात. आणि ते सुरू कसं झालं, याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत बर्टन रोझ नावाचे मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर होते. त्यांच्या मनात आलं, की वैद्यकाचं जाडजूड पुस्तक छापून येईपर्यंतच शिळं होतं. मग १९९२ साली त्यांनी आपल्या विषयाची माहिती संगणकाच्या फ्लॉपीवर घालून डॉक्टरांना द्यायला सुरुवात केली. आठवते ना ती फ्लॉपी, चौकोनी, पातळ? माहिती जुनी झाली की नवी फ्लॉपी. तिचं नाव ‘अपटूडेट’. एका विषयापासून सुरू झालेला तो संदर्भग्रंथ पुढं इंटरनेटवर आला, त्यात वैद्यकाचे कितीतरी विषय आले आणि आज तो जगभरचे डॉक्टर रुग्ण समोर असतानाही उघडून बघतात. डॉ. रोझ २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या साथीत गेले.

पुढची पायरी अशी, की डॉक्टर एवढं वाचतायत तर हे शिक्षणच नव्हे का? अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २००५ च्या सुमारास अशा वाचनाला क्रेडिट द्यायची पद्धत मान्य केली. पण नुसतं पान उघडलं की क्रेडिट, असं नाही. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, तुमच्यासमोरच्या रुग्णावरून पडलेला प्रश्न नेमका काय, ते लिहा. दुसरी, उत्तर कुठं शोधलं, काय वाचलं, ते नोंदवा. तिसरी, त्या उत्तरानं तुमच्या उपचारात काय फरक पडणार, तेही लिहा. तिन्ही झालं की अर्धं क्रेडिट. वाचलेल्या पानांची आणि लागलेल्या वेळेची नोंद संगणक आपोआप ठेवतो.

मला यात सगळ्यात आवडली ती तिसरी पायरी. कारण हॉलमध्ये बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, की बाबा, उद्या सकाळी दवाखान्यात तू काय वेगळं करणार? इथं मात्र ते विचारल्याशिवाय सुटका नाही. आपल्याकडं जात्यावर दळताना म्हातारी बायका म्हणायच्या ना, की पीठ पडलं तर दळण झालं. तसंच हे. घरघर किती वेळ झाली, याला अर्थ नाही.

पाकटाचा काटा

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर आमच्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या.

मढ म्हणजे कोळ्यांचं गाव. जाळं झाडताना, मासे निवडताना हाताला काटा लागणं हे रोजचं. त्यात दोन काटे वाईट. एक शिंगाळ्याचा आणि दुसरा पाकटाच्या शेपटीचा. पाकट पायाखाली आलं की शेपटी उडवतं आणि काटा आत रुततो. मुंबईकरांना हे २०१३ च्या गणपती विसर्जनात कळलं. गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी दंश केला होता.

असा काटा लागला की कळ अशी येते, की धडधाकट पुरुष रडतो. मग प्रत्येक जण डॉक्टर! कुणी हळद दाबतं, कुणी बर्फ धरतं, कुणी वर दोरी आवळतं. एकदा आमच्या शिबिरात पायाला काटा लागलेल्या एका कोळीण मावशी आल्या. त्याच सिस्टर होत्या. बर्फ की गरम पाणी, हा प्रश्न त्यांना तिथंच पडला. कॉलेजात असताना पाकटाचा काटा कुणी शिकवलेला नव्हता. त्यांनी मोबाइल काढला, खात्रीचा संदर्भ उघडला आणि उभ्या उभ्या वाचला.

उत्तर होतं, गरम पाणी. पाकटाचं विष हे प्रथिन असतं आणि उष्णतेनं त्याचा जोर मोडतो. जखम झालेला हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा, पाणी ४५ अंश सेल्सियसच्या वर नको, आणि अर्धा ते दीड तास. पाणी किती गरम आहे हे ज्याला काटा लागलाय त्यानं बघायचं नाही, दुसऱ्यानं हात घालून बघायचं, नाहीतर कळेच्या भरात पाय भाजायचा. जखम नीट धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन बघायचं, काट्याचा तुकडा आत मोडलाय का हे एक्स-रेत तपासायचं. आणि काटा छातीत, मानेत किंवा पोटात रुतला असेल, तर तो उपटायचा नाही, तसंच तातडीनं रुग्णालय गाठायचं.

सिस्टरनी पाणी तापवायला सांगितलं. मावशींनी पाय बुडवला आणि थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. म्हणाल्या, "माझी आजी कढत पाणीच घ्यायची हो. आम्हीच बर्फ शिकलो." हसू आलं आम्हाला, पण गंमत बघा. आजीला ठाऊक होतं काय करायचं. पुस्तकानं सांगितलं का करायचं, पाणी किती गरम आणि किती वेळ. मावशींच्या पायाला दोन्ही उपयोगी पडलं.

आता त्या तीन पायऱ्या लावून बघा. प्रश्न रुग्णावरून आला. उत्तर शोधलं. आणि त्या दिवसापासून आमच्या शिबिराच्या सामानात एक छोटी शेगडी, बादली आणि पाण्याची उष्णता मोजायचा थर्मामीटर असतो. म्हणजे वागण्यात फरकही पडला. तिन्ही पायऱ्या झाल्या! पण सिस्टरच्या खात्यात त्याचं क्रेडिट किती जमा झालं? शून्य. नियमाचे शब्द सभांचे आहेत. एकटीनं बसमध्ये किंवा शिबिरात केलेल्या वाचनाला त्यात जागा नाही.

महाडच्या डॉक्टरांनी दिलेलं उत्तर

कुणी म्हणेल, वाचनाचं एवढं काय घेऊन बसलात, अनुभव मोठा. त्याला माझं उत्तर कोकणातलंच आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत असेल. मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावायची. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून बारीकसारीक नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषानं रक्तदाब आणि हृदयावर काय होतं, ते टिपलं. ते निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मग प्राझोसिन नावाचं रक्तदाबावरचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मरणारी माणसं जगू लागली. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या या औषधावरच्या लेखावर त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचंही नाव आहे. मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगते. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आता नीट लक्ष द्या. समजा एखाद्या डॉक्टरनं १९९० साली प्राझोसिन शिकून घेतलं आणि पुढं वाचन बंद केलं. तो काही चुकीचं करत नव्हता. पण २०११ साली याच बावस्कर पती-पत्नींचा आणखी एक अभ्यास ‘बीएमजे’ या इंग्लंडच्या नियतकालिकात आला. विंचू चावलेल्या ७० रुग्णांपैकी काहींना नुसतं प्राझोसिन दिलं, काहींना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरची प्रतिलसही दिली. दोन्ही मिळालेले रुग्ण कितीतरी लवकर बरे झाले. दहा तासांत शंभरातले नव्वदाहून अधिक! नुसत्या प्राझोसिनवाल्यांत त्या वेळात तेवीसच्या आसपास.

म्हणजे ज्यांनी पहिलं उत्तर शोधलं, त्यांनीच ते पंचवीस वर्षांनी आणखी सुधारलं. ते उत्तर महाडच्या दवाखान्यात तयार झालं. पण ते डोंगरापलीकडच्या दुसऱ्या आरोग्य केंद्रात पोचलं का, रात्री दोन वाजता विंचू चावलेलं पोर घेऊन आलेल्या आईला ते मिळालं का, हे तिथल्या डॉक्टरनं काय वाचलं त्यावर ठरतं. वाचन म्हणजे हौस नाही, ती अशी रात्री दोन वाजता लागणारी गोष्ट आहे.

मग अडतं कुठं?

अडचणी आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली अडचण पैशाची. ‘अपटूडेट’सारख्या संदर्भांची वर्षाची वर्गणी छोट्या गावातल्या डॉक्टरला जड जाते, सिस्टरला तर जास्तच. सरकारनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. त्यामुळं सरकारी उच्च शिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना हजारो नियतकालिकं वाचायला मिळू लागली. चांगलीच गोष्ट आहे. पण गल्लीतल्या खासगी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आणि छोट्या नर्सिंग होममधली सिस्टर त्यात बसत नाहीत. तरी फुकट आणि खात्रीचंही काही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१९ पासून रोजच्या आजारांवर काय करायचं याचे एकेका पानाचे तक्ते काढलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिका आहेत. एमएसडी मॅन्युअल आहे, जे १८९९ साली छोट्या पुस्तकाच्या रूपात निघालं आणि आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं.

दुसरी अडचण लबाडीची. पान उघडून ठेवायचं, चहा प्यायचा आणि क्रेडिट घ्यायचं, असं कुणी करणारच नाही, असं नाही. पण हॉलमध्ये सही करून जेवणापर्यंत डुलक्या काढणारेही असतातच की! शिवाय हॉलचा, जेवणाचा खर्च कोण करतं, हा प्रश्न वेगळाच. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटी, प्रवासखर्च, पाहुणचार घेऊ नये, असा नियम २००९ च्या डिसेंबरमध्ये करावा लागला, तो उगीच नाही. बसमध्ये बसून वाचणाऱ्या सिस्टरला निदान जेवण कुणी घालत नाही.

तिसरी अडचण मान्यतेची. परदेशी संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, तरी आपल्याकडे ते धरायचं की नाही, हे आपल्या परिषदेच्या मान्यतेवर. २०२० साली टाळेबंदीत हॉल बंद पडले तेव्हा व्याख्यानं ऑनलाइन झाली आणि ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली. त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं कोरोनाच्या कामातल्या डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडीताई यांच्यासाठी दीक्षा या पोर्टलवर मोबाइलवरचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. म्हणजे घरी बसून शिकणं हे शिकणंच असतं, हे एकदा सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. व्याख्यान घरी ऐकलेलं चालतं, मग घरी वाचून, प्रश्न-उत्तर-बदल असं लिहून दिलेलं का चालू नये? सगळे तीस तास नकोत. निदान काही तास तरी! मान्यवर डॉक्टर आणि परिचारिकांच्या संघटनांनी परिषदांकडे हा विषय लावून धरावा, असं मला मनापासून वाटतं.

आपण काय करू शकतो?

परिषदेचे नियम बदलणं आपल्या हातात नाही. पण घरातले नियम आहेत ना?

तुमच्या घरात सून परिचारिका असेल, मुलगी डॉक्टर असेल, जाऊ आशाताई असेल, आणि ती रात्री भांडी आवरल्यावर मोबाइल घेऊन बसली, तर ‘काय ती सारखी मोबाइलमध्ये डोकं घालून’ म्हणायच्या आधी एकदा विचारा, "काय वाचतेस गं?" ती सांगेल. कदाचित एखादं उत्तर तुमच्याच बीपीच्या गोळीबद्दल असेल! मुलगा दहावीला असला की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो, चहा नेऊन देतो. सुनेच्या अभ्यासाला तो चहा का नाही? महिन्याचा अर्धा तास हा नियमातला आकडा आहे. घरानं आठवड्याला अर्धा तास दिला, तर ती नियमाच्या चौपट शिकेल. त्या तासात तिला हाक मारायची नाही, एवढंच ठरवायचं.

ज्या मैत्रिणी स्वतः या क्षेत्रात आहेत, त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट. क्रेडिट मिळो न मिळो, एक दोनशे पानी वही घाला. पानावर तीन रकाने आखा. प्रश्न काय पडला, कुठं वाचलं, काय बदललं. तारीख टाका. रुग्णाचं नाव मात्र लिहू नका, ते त्याचं खासगी आहे. ओळखीच्या सिस्टरनी अशी वही घातली आहे. पहिल्या पानावर पाकटाचा काटा आहे. उद्या एखादा नियम बदलला आणि कुणी विचारलं, तुम्ही काय वाचलंत, तर दाखवायला हातात काहीतरी असेल. आणि नाही विचारलं, तरी पुढची मावशी काटा घेऊन आली की वही उघडता येईल.

आणि रुग्ण म्हणून? फॉरवर्ड आलेला संदेश डॉक्टरांच्या तोंडासमोर धरू नका. गूगलवर किंवा एआयला विचारून आलेलं उत्तरही तसंच, ते कुणी लिहिलं आणि कधी, हे कळल्याशिवाय त्यावर गोळी घेऊ नका, बंदही करू नका. पण शांतपणे एक प्रश्न जरूर विचारा, "डॉक्टर, यात अलीकडे काही नवीन आलंय का?" वाचणाऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट आनंद होतो. एका डॉक्टर मॅडमनी मला सांगितलं, की असं विचारणाऱ्या पेशंट बाईमुळं त्यांनी त्या रात्री घरी जाऊन तासभर वाचलं. म्हणजे बघा, आपल्या एका प्रश्नात केवढी ताकद आहे!

आपल्या आयांना शिकायला मिळालं नाही. आपण शिकलो, पण लग्नानंतर आपली पुस्तकं माळ्यावर गेली. आपल्या मुली-सुनांची पुस्तकं आता हातातल्या फोनमध्ये आलीयत, ती माळ्यावर टाकायची गरज नाही. ती उघडायला त्यांना वेळ तेवढा हवा. परिषदा त्याचं क्रेडिट देतील तेव्हा देतील. घरानं ते आजपासून द्यायला काय हरकत आहे?